ठासणीचा गज

नंदाबाई घरातल्या बंदुकांना सवती म्हणायची. लग्न होऊन ती आली तेव्हा माजघराच्या भिंतीवर दोन टांगलेल्या होत्या. पहिल्या खंडेनवमीला सासऱ्याने तिच्या नवऱ्याला, अंबाजीला, त्या तेलाच्या चिंधीने पुसायला बसवलं, आणि तो इतक्या मायेने पुसत राहिला, की ती जावेच्या कानाशी लागून म्हणाली, “माज्याआदी दोघी नांदत्यात गं हितं.” अंबाजीने ते ऐकलं आणि हसला. तेव्हा त्याला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. पुढे त्याने तिसरी आणली, तेव्हा मात्र नंदाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

थोरली होती ठासणीची. अंबाजीच्या आज्याला इंग्रजांच्या काळात पिकाच्या राखणीसाठी तिचा परवाना मिळाला होता. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालायचा, लोखंडी गजाने ठासायचं, मागे ठिणगी पाडणारी केप बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एक बार काढेपर्यंत माणसाची विडी ओढून व्हायची. मधली काडतुसाची एकनळी, बापाने घेतलेली. धाकली दुनळी. तुंगार्लीच्या एका पारशी शेठच्या बंगल्यावर अंबाजीचा बाप दूध घालायचा. शेठ गेले, बंगला बंद झाला, तेव्हा अंबाजीने ती रीतसर परवान्यावर चढवून घरी आणली. तिच्या दस्त्यावर चांदीची बोटभर पट्टी होती. खंडेनवमीला तो ती पट्टी सगळ्यात शेवटी पुसायचा, आवडता घास उरवून ठेवल्यासारखी.

तसा अंबाजी शिकारी नव्हता. त्याच्या हातून जनावर मेल्याचं गावात कुणाला आठवत नाही. त्याला वस्तू आवडायच्या. तेल दिलेलं लोखंड, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं लाकूड, नीट बसणारी कडी. बोलणं मात्र त्याला जमायचं नाही. बैठकीत बसला तर दाराशी बसायचा आणि कुणी विचारलंच तर “बगा तुमाला काय वाटतं ते” म्हणायचा. त्याच्या ह्या वाक्यावर घरातली बरीच कामं झाली. लेकीचं लग्न ठरलं ते ह्याच वाक्यावर आणि खालच्या अंगाची जमीन बंगलेवाल्यांना गेली तीही.

डोंगराच्या पायथ्याची भाताची खाचरं तेवढी राहिली. इंद्रायणी लावायचे. वरच्या अंगाला रान, आणि रानात डुकरं. भात निसवलं, लोंब्यांत दूध भरलं, की डुकरं उतरायची. एक कळप एका रात्रीत खाचर लोळवून जायचा. खायची थोडं, तुडवायची फार.

बाप थकल्यावर राखणीचं काम अंबाजीकडे आलं. मुलगा कैलास तेव्हा पाळण्यात होता. एका संध्याकाळी अंबाजीने बांधावरच्या माळ्यावर बसून ठासणी भरली. मग कुणीतरी बांधावरून हाक मारली, तो बोलत राहिला, आणि आपण भरली की नाही हेच विसरला. त्याने पुन्हा दारू ओतली, पुन्हा बोळा घातला, पुन्हा ठासलं. अंधार पडता पडता बार काढला तेव्हा खालच्या गावातली कुत्री घराघरांत शिरली. डुकरं गेली. त्यांच्याबरोबर अंबाजीचा उजवा कानही गेला, तो कायमचा.

दुसऱ्या दिवशी वरच्या ठाकरवाडीचा शिदू बघायला आला. वयाने अंबाजीएवढाच, अंगाने काटकुळा, हसला की सगळं तोंड हसणारा. शेतावर कामाला यायचा. त्याने बंदूक हातात घेतली, नळीत डोकावला, वास घेतला.

“भाऊ, एका राती दोनदा जेवाय वाढलं तुमी हिला,” तो म्हणाला. “ओकनारच की.”

अंबाजीला ते अर्धंच ऐकू आलं. शिदूने पुन्हा त्याच्या डाव्या बाजूला येऊन सांगितलं. तेव्हापासून शिदू बोलायचं असलं की आठवणीने डावीकडे यायचा. घरची माणसं विसरायची, शिदू विसरला नाही.

मग बापानेच सांगून टाकलं, की थोरलीला अंबाजीने हात लावायचा नाही. परवान्यावर राखणदार म्हणून शिदूचं नाव लागलं. भात निसवल्यापासून कापणीपर्यंत शिदू माळ्यावर बसायचा आणि त्याबद्दल त्याला खळ्यावरून राखणीचं भात जायचं. तो छर्रे घालत नसे. नुसती दारू, काथ्या आणि हवेत बार. “डुकराला बी पोरंबाळं हायत,” म्हणायचा, “त्याला नुस्तं कळाय पायजे का मालक जागा हाय.”

गजावर त्याने कानशीने एक खूण घासली होती. भरायच्या आधी गज नळीत सोडायचा. खूण नळीच्या तोंडाशी आली तर बंदूक उपाशी, वर राहिली तर जेवलेली. अंबाजीने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, हे आपल्याला का सुचलं नाही. पण शिकायला तो पुन्हा बसला नाही. एवढी वर्षं बंदूक त्याची होती आणि भरता मात्र शिदूलाच येत होती. ह्यात काही वावगं आहे असं दोघांनाही कधी वाटलं नाही.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जायच्या. साऱ्या मावळातल्या परवानेवाल्यांना तसा निरोप येतो. पोत्यात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन माणसं रांगेत उभी राहतात, दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधतात, आणि निकाल लागला की परत घेऊन येतात. ह्याला सगळे ‘जमा’ म्हणतात. बंदूक जमा आहे म्हणजे काही दिवसांनी ती घरी येणार, हे न सांगता कळतं.

कैलासचा सार्थक मोठा झाला, शिकला, तळेगावच्या कंपनीत लागला. कैलास उर्सेच्या कारखान्यात होता, त्याने सोमाटण्याला फ्लॅट घेतला, आणि मुलगा-नातू तिकडेच राहायला गेले. सार्थकला नेमबाजीचा नाद लागला. सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा क्लबात जाऊन हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायचा. पोरगा गुणी. आज्याच्या डाव्या बाजूला बसायला तोही शिकला होता, पण त्याला आठवण करून द्यावी लागायची.

एका रविवारी तो म्हणाला, “आबा, आता कायद्याने तीन ठेवता येत नाहीत. दोनच.”

“मग एक देऊ,” अंबाजी म्हणाला.

“कुठली?”

अंबाजीने भिंतीकडे पाहिलं.

“तेच म्हणतोय मी. एकनळीचा घोडा सैल झालाय. दुनळीला आतून खड्डे पडलेत, त्या दिवशी मी बॅटरी लावून बघितलं, ती हातात फुटेल एखाद दिवशी. ठासणीचं तर बोलायलाच नको. तीन-तीन जुन्या सांभाळण्यापेक्षा एकच ठेवू, पण चांगली ठेवू. परवाना माझ्या नावावर होतो, तुमचं वय झालंय, वारसाला देता येतो. पुण्याचा दुकानदार मधली आणि धाकली घ्यायला तयार आहे.”

“आन थोरली?”

“तिला कोण घेणार, आबा? ती सरकारजमा करायची. ते मोडून टाकतात.”

कैलास जेवत होता. तो म्हणाला, “डुकरांचं काय करायचं मग?”

“झटका मशीन बसवू कुंपणाला. सोलरचं. माणूस बसवायची गरजच नाही.”

नंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “बरं झालं बाई. साऱ्या जल्मात मला जमलं न्हाई ते सरकारनं केलं. दोगीतिगींना एकदम हाकललं.”

सगळे हसले. सार्थकने मोबाइल पुढे केला आणि त्याला जी घ्यायची होती तिचं चित्र दाखवलं. नळ्या शेजारी शेजारी नव्हत्या, एकीवर एक होत्या. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, रेषा अशा की वाहत्या पाण्यात पाहावं. अंबाजीने मोबाइल हातात घेतला. बोटाने चित्र मोठं कसं करायचं ते सार्थकने दाखवलं, तसं त्याने मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिला. चांगली होती. ती वाईट आहे असं कुणी त्याच्याकडून वदवून घेतलं असतं तरी त्याला म्हणता आलं नसतं.

“बगा तुमाला काय वाटतं ते,” तो म्हणाला.

त्या रविवारपासून एकच गोष्ट त्याच्या मनात ठाण मांडून बसली. शिदूला सांगायचं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नेहमीसारखी घोंगडी अंथरली. विळे, कोयते, नांगराचा फाळ, आणि मधोमध त्या तिघी. शिदू दरवर्षी सकाळीच यायचा, झेंडूच्या माळा करायचा, थोरलीला स्वतःच्या हाताने बांधायचा आणि नारळ घेऊन जायचा. त्या वर्षीही आला. अंबाजी त्याच्याजवळ दोनदा जाऊन बसला आणि दोनदा उठला. सणाच्या दिवशी कसं सांगायचं, असं त्याने स्वतःला समजावलं.

दोन-चार दिवसांनी विधानसभेची निवडणूक लागली. शिदू डोंगर उतरून आला. दारातूनच म्हणाला, “भाऊ, इलेक्शन लागलं म्हनं.”

“व्हय.”

“मंजी ह्या चालल्या जमा.”

अंबाजी ओट्यावर बसला होता. सांगायची वेळ होती ती हीच. समोर शिदू, घरात दुसरं कुणी नाही, नंदाबाई गोठ्याकडे. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, “जमा करायच्यात.”

शब्द खोटा नव्हता. सार्थकनेही ‘सरकारजमा’ असंच म्हटलं होतं. न्यायच्या दिवशी शिदूनेच थोरली खाली काढली, पुसली, पोत्यात गुंडाळली आणि बाळंतिणीला गाडीत बसवावं तशी कैलासच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. “औंदा नेमकी भाताच्या टायमाला न्हेत्यात,” तो कुरकुरला. “म्या डबा वाजवीन तवर. दिवाळी झाली का येईलच.”

ठाण्यात कैलासने कागद पुढे केले, अंबाजीने तो दाखवील तिथे सही केली. हवालदाराने सुतळीची चिठ्ठी बांधली. मधली आणि धाकली तिथूनच पुढे पुण्याला दुकानदाराकडे गेल्या. थोरली आत गेली. अंबाजीला वाटलं तिला एकदा हात लावावा, पण मागे रांग होती.

निकाल लागला. दिवाळी कधीच होऊन गेली होती. शिदूने ते भात डबा वाजवून राखलं आणि कापणीच्या दिवशी विचारलं, “आली का न्हाई?”

“यायचीय,” अंबाजी म्हणाला.

हे मात्र खोटं होतं. तो घरात जाऊन पाणी प्यायला.

होळीला शिदू पुन्हा म्हणाला, “भाऊ, कोन निवडून आलं?”

“आले की कवाच.”

“मंग आपली कवा निवडून येयाची?” आणि स्वतःच खो खो हसला. अंबाजीही हसला.

त्याला रोज वाटायचं, आज वाडीवर जाऊ. पण सांगायचं पहिलं वाक्यच त्याला सापडत नव्हतं. नंदाबाई म्हणायची, “अवो, माणूस हाय ते. वाघ न्हाई. सांगून टाका.” तो म्हणायचा, “सांगतो.” उन्हाळ्यात सार्थक त्याला सोमाटण्याला घेऊन गेला. लोखंडी कपाट उघडलं, पेटी काढली, पेटीत मखमल, मखमलीत नवी बंदूक. “घ्या आबा, हातात घ्या.” त्याने घेतली. वजन असं तोललेलं होतं की ती हातात आहे हेच कळेना. बिजागरी मिटताना दार हलकेच लावल्याएवढाच आवाज झाला. अंबाजीचे डोळे भरून आले. सार्थकला वाटलं, आज्याला आवडली. ते खरंच होतं. पण त्याला माजघरातली रिकामी भिंत आठवली, आणि तिच्यावर राहिलेले तीन लांबट, पांढरे डाग.

श्रावण सरला आणि कैलासचा फोन आला. ठाण्यातून निरोप होता. मोडीत काढायच्या बंदुकांची एक खेप पाठवायची आहे. परवान्यावर लिहिलंय ‘ठासणी बंदूक गजासह’, आणि बंदुकीला गज नाही. आणून द्या.

“गज नाही म्हणजे?” कैलास म्हणाला. “आबा, तुम्ही बघितलं नव्हतं का देताना?”

अंबाजीने बघितलं नव्हतं. नळीखालच्या खोबणीत गज असतो, तो तिथे नव्हता, आणि त्या दिवशी बंदूक दोन वेळा त्याच्या डोळ्यांसमोरून गेली तरी त्याला कळलं नव्हतं. फोन ठेवल्यावर हळूहळू आठवलं. फार वर्षांपूर्वी अशाच एका निवडणुकीनंतर थोरली परत आली ती कुणाचा तरी आखूड गज घेऊन. शिदू भडकला होता. ठाण्यात जाऊन ढिगातून स्वतःचा गज, त्यावरची खूण बघून, शोधून आणला होता आणि म्हणाला होता, “पुडल्या बारीला बंदूक द्या तुमी, गज न्हाई मिळनार त्यास्नी.” अंबाजी त्यावर हसला होता आणि विसरून गेला होता. म्हणजे तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीला शिदू गज काढून घरी नेत होता आणि बंदूक आली की पुन्हा घालत होता.

आता टाळता येत नव्हतं. अंबाजी काठी घेऊन वाडीवर निघाला. रिमझिम होती. पायवाट चिखलाने निसरडी झालेली, आणि दर वळणावर तो थांबून पहिलं वाक्य जुळवत होता.

शिदू पडवीत बसून काथ्या वळत होता. त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. शेजारी पत्र्याचा डबा, डब्यात काथ्याचे बोळे, सारख्या मापाचे, काठोकाठ. त्याची बायको हिरी चुलीपाशी होती. बांधावरून कोण येतंय ते तिनेच ओळखलं.

“भाऊ आलं! आज कुनीकडं दिवस उगावला? बसा, च्या टाकते. दूद न्हाई बरं का, बकरी आटली.”

अंबाजी बसला. शिदू सरकून त्याच्या डावीकडे आला. अंबाजीने वाटेत जुळवलेलं वाक्य सोडून भलतंच वाक्य तोंडातून गेलं.

“गज न्यायला आलोय, शिदू.”

शिदूचा सगळा चेहरा हसला. “हिरे! ऐकलं का? बंदूक आली!” तो गुडघ्यावर हात देऊन उठला. छपराच्या वाशात खोचलेलं लांब गाठोडं त्याने ओढून काढलं. धोतराच्या चिंध्या सोडल्या. गजाला करंजाचं तेल दिलेलं होतं. कुठे गंजाचा ठिपका नव्हता. “म्या ह्या हिरीला म्हनत व्हतो, लोंबी धरायच्या आदी ती येनार. बगा, बोळं बी करून ठिवलं.” त्याने गजाचं एक टोक अंबाजीच्या हातात दिलं. दुसरं अजून त्याच्याच हातात होतं.

“ती न्हाई आली,” अंबाजी म्हणाला.

“मंग गज कशाला?”

“ती देऊन टाकली, शिदू. मागल्या सालीच. मोडायला.”

चुलीत ओलं लाकूड तडतडत होतं. हिरीने चहाचं भांडं खाली उतरवलं.

“जमा केलती न्हवं?” शिदू म्हणाला.

“जमाच केली.”

“जमा,” शिदू म्हणाला. मग पुन्हा एकदा म्हणाला, “जमा.” त्याच्या हातातलं टोक खाली आलं आणि जमिनीला टेकलं. “आन मदली? धाकली?”

“त्या इकल्या. एक नवी घेतली सार्थकनं.”

“कशी हाय?”

हा प्रश्न येईल असं अंबाजीला वाटलं नव्हतं. “चांगली हाय,” तो म्हणाला.

“बार कसा हाय तिचा?”

“ऐकला न्हाई.”

शिदूने मान हलवली. त्याने बोळ्यांचा डबा बाजूला सारला. “मंग म्या कुटं बसू औंदा?”

“माळ्यावर बस की. राखनीचं भात तुजं तुला मिळंल. त्यात काय खंड न्हाई पडायचा.”

“बसून काय करतील?” हिरी म्हणाली. “डुकरास्नी शिव्या देतील? बार न्हाई, काय न्हाई, आन फुकटचं भात कोन खाईल, भाऊ? आमी काय भीक मागतो व्हय?”

“हिरे, गप,” शिदू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो अंबाजीकडे वळला. “भाऊ, तवाच सांगितलं आसतं तर गज तिच्यासंगं दिला आसता न्हवं? आशी आर्दी कशाला धाडली तिला?”

चहा आला, अंबाजी प्याला. शिदूने गज पुन्हा चिंध्यांत गुंडाळला, दोन्हीकडे गाठी मारल्या आणि त्याच्या मांडीवर ठेवला. उतरताना अंबाजीने काठीबरोबर तोही टेकायला पुढे केला, मग थांबला, आणि काखेत धरून उतरला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच एस.टी.ने ठाण्यात गेला. टेबलाशी नवा पोरगेलासा हवालदार होता. त्याने गाठोडं बघितलं, नाव विचारलं.

“आजोबा, ती खेप गेली की काल.”

“काल?”

“गज नाही असा शेरा मारला आणि पाठवून दिली. झालं काम. एवढ्यासाठी कशाला आलात पावसात? फोन करायचा.”

“मग ह्याचं काय करायचं?”

हवालदाराने गज हातात घेऊन तोलून पाहिला आणि परत दिला. “ह्याला काही परवाना लागत नाही,” तो हसून म्हणाला. “घरी ठेवा. दाराला आडणा म्हणून लावा.”

अंबाजी बाकावर बसून राहिला. लोक येत-जात होते. गज मागायला गेलोच नसतो तर अजूनही शिदू बोळे वळत बसला असता, हे त्याच्या मनात आलं. मग वाटलं, तेही बरं नव्हतं. दोन्हींतलं काय बरं, हे त्याला ठरवता येईना, आणि ह्या वेळी ‘बगा तुमाला काय वाटतं ते’ म्हणायला समोर कुणी नव्हतं.

गज घेऊन तो तसाच वाडीवर गेला. शिदू घरी नव्हता.

“आता काय?” हिरी म्हणाली.

“हा शिदूचा शिदूला. त्यांना नकोय.”

“एकदा न्यायचा, एकदा आनायचा. गज हाय का पावना, भाऊ?” ती म्हणाली, पण हात पुढे करून तिने तो घेतला आणि दाराआड उभा केला. “सांगते त्यांस्नी.”

खंडेनवमीला नंदाबाईने घोंगडी अंथरली. विळे, कोयते, फाळ. मधली जागा तिने विळे जरा पसरून भरून काढली. सार्थकने सोमाटण्याहून फोटो पाठवला. नव्या बंदुकीला मोगऱ्याचा गजरा घातला होता, कारण झेंडूचा डाग पडतो म्हणे. अंबाजीने फोटो पाहिला, छान आहे म्हणाला. शिदू आला नाही. शिदूचा नारळ नंदाबाईने बाजूला काढून ठेवला. संध्याकाळी तिने दाराबाहेर दोनदा डोकावून पाहिलं आणि मग नारळ देव्हाऱ्याच्या खाली ठेवून दिला. सवतींवरून ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

भात निसवलं. झटका मशीन आठ-पंधरा दिवस चाललं, मग ढगाळ हवेत त्याची बॅटरी बसली आणि सार्थक ती दुरुस्तीला घेऊन गेला. पुढच्या रविवारी आणतो म्हणाला.

त्या आठवड्यात एका दिवेलागणीला अंबाजी ओट्यावर बसला होता. नंदाबाई तुळशीपाशी दिवा ठेवत होती. डोंगर काळा पडायला लागला होता. आणि वरून आवाज आला. ठण्. मग जरा थांबून पुन्हा, ठण् ठण्. पत्र्यावर लोखंड पडल्याचा.

“काय वाजतंय ओ?” नंदाबाईने विचारलं.

अंबाजीने मान वळवून डावा कान डोंगराकडे केला. काठीने डबा बडवला तर असा वाजत नाही. गज होता तो. आवाज आपल्या माळ्यावरून येत नव्हता. त्याहून वरून, वाडीखालच्या उतारावरून येत होता, जिथे शिदूची स्वतःची नाचणीची पट्टी होती. अंगणाएवढी. एवढ्या वर्षांत भाताच्या दिवसांत त्या पट्टीकडे बघायला शिदूला कधी सवड झाली नव्हती. डुकरं खाऊन उरेल ती नाचणी हिरी काढायची.

आवाज पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि परत फिरला. माणूस वाजवत चालत होता.

“शिदू हाय,” अंबाजी म्हणाला.

“आपल्याकडं न्हाई बसला?”

“न्हाई.”

थोड्या वेळाने खालच्या खाचरांच्या बाजूला काहीतरी सळसळलं. मग मोठं सळसळलं, पाण्यात पाय पडल्याचे आवाज, आणि मग तो ओळखीचा हुंकार. वरून हाकललेला कळप उतारावरून सरळ अंबाजीच्या भातात उतरला होता.

“अवो, डुकरं!” नंदाबाई म्हणाली. “उठा, ताट तरी वाजवा! कैलासला फोन लावू का? त्या पोराची बंदूक—”

“ती कपाटात हाय,” अंबाजी म्हणाला. “किल्ली त्याच्यापाशी.”

नंदाबाई घरात धावली, परात आणि उलथनं घेऊन आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहून वाजवू लागली. तिच्या हातात आता तेवढा जोर नव्हता. भातात ते नुसतं टिकटिकल्यासारखं पोचत असेल. लोंब्या ओरबाडल्याचा आवाज थांबेना.

अंबाजी उठला नाही. तो मान तशीच वळवून बसला होता. वरचा आवाज एकसारखा येत होता. दोन ठोके, मग थोडा थांबा, पुन्हा दोन. बंदूक भरताना शिदू असाच दोनदा ठासायचा आणि मग गज सोडून बघायचा, खूण कुठे येते ते.